डब्यावर 'मुंबई' छापलं होतं

आमच्या प्रीमियर पद्मिनी या जुन्या फियाट गाडीच्या पुढच्या आर्मचे (चाक चासीला जोडणाऱ्या दांड्यांचे) आठ बुश घेताना मला ९,६०० रुपयांना गंडवलं. गॅरेजची मजुरी दोनदा गेली, पुढचे दोन टायर आतल्या अंगाने खाल्ले गेले, ते वेगळंच. फसवणारा रोज मोबाइलवर पार्टचे फोटो टाकतोय आणि जुन्या फियाटवाल्यांना पार्ट मिळायची मारामार आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. माझा मूर्खपणाही लिहिते. त्याशिवाय गोष्ट पुरी होणार नाही.

गाडी १९८३ ची, अण्णांची. हॅन्ड गिअर, पांढरा रंग, मागच्या काचेत अजून त्यांनीच लावलेलं गणपतीचं स्टिकर. अण्णा गेल्यावर भाऊ म्हणाला, विकून टाक. मी नाही विकली. साताऱ्यात रोज चालवते, महिन्यातून एकदा पुण्याला नेते.

पावसाळा संपता संपता डावीकडून आवाज सुरू झाला. स्पीडब्रेकरवरून चाक खाली उतरलं की 'टक्'. एकदाच, कोरडा. मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, पहार लावून आर्म हलवला आणि मला खाली वाकायला सांगितलं. "बघा ताई, रबर दगड झालंय. आर्म बोल्टावर नाचतोय."

बुश म्हणजे दिसायला अगदीच किरकोळ वस्तू. आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं आणि दोघांच्या मध्ये रबर. बाहेरचं कडं आर्मच्या भोकात गच्च ठोकलेलं असतं, आतली नळी बोल्टने चासीशी आवळलेली असते. दोन्ही टोकं जाम, हलतं ते फक्त मधलं रबर. चाक वर-खाली होतं तेव्हा ते पीळ खातं आणि सोडतं. म्हणून इथे मापाला फार महत्त्व. कडं भोकापेक्षा केसभर जाड हवं, नाहीतर रबराऐवजी कडंच फिरायला लागतं. आतली नळी कड्यापेक्षा थोडी लांब हवी, नाहीतर बोल्ट आवळला की दाब नळीवर न येता रबरावर येतो. हे सगळं मला आता कळतं. तेव्हा माझ्या लेखी 'पद्मिनीचा बुश' एवढं वर्णन पुरेसं होतं.

साताऱ्यात मिळाला नाही. पुण्यात नाना पेठेत दोन चकरा मारल्या. एकाने ११८ एनईचे काढून दिले, म्हणाला, थोडं घासलं की बसतील. आता ती गाडीच वेगळी! दुसऱ्याने खरं ते सांगितलं. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघायची बंद झाली २००० च्या सुमारास, तरी पुढे वीस वर्षं मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हा धंदा तगवून धरला होता. ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. "आता बाई, तुमच्यासारखे हौशी लोक वर्षात चार येणार. त्यांच्यासाठी कोण माल भरून ठेवणार?" त्याचं बोलणं मला लागलं होतं, आणि बरोबर त्याच आठवड्यात मोबाइलवर तो फोटो आला.

फोटो झकास होता. पिवळट पडलेले पुठ्ठ्याचे डबे, त्यावर एका जुन्या रबर कंपनीचं नाव, शेजारी एक उघडा बुश आणि त्याला लावलेला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी. विकणारा मुंबईकडचा. फोनवर बोलायला इतका अदबशीर की काय सांगू. "ताईसाहेब, कुर्ल्याच्या एका स्टॉकिस्टचं गोडाऊन रिकामं झालं, त्यातला शेवटचा लॉट आहे. चौऱ्याऐंशी सालचा माल. हात लावलेला नाही कुणी." एका बुशचे १,२००. मी घासाघीस केली नाही, कारण तो लगेच म्हणाला की बंगळुरूची पार्टी सगळा लॉट मागतेय, पण तुमच्या वडिलांची गाडी आहे म्हणून तुमचे आठ बाजूला ठेवतो. अण्णांचं मीच त्याला सांगितलं होतं, पहिल्या दोन मिनिटांत. बिलाचं विचारलं तर म्हणाला, बिल हवं असेल तर जीएसटी वरून लागेल. मी म्हटलं, राहू द्या. यूपीआयने पैसे पाठवले.

चार दिवसांत कुरिअर आलं. डबे हातात घेतले आणि अण्णांच्या कपाटातले जुने प्लगचे, पॉइंटचे डबे आठवले. तोच कोंदट वास. तिथेच मी संपले. माप घ्यायचं सुचलंही नाही.

मिस्त्रींनी जुने बुश प्रेसवर दाबून काढले, मग नवे घेतले. मी स्टुलावर चहा पीत बसले होते. जुना काढताना प्रेसचं हँडल दोघांनी मारलं होतं, दर वेळी 'कट्' असा आवाज करून तो निघाला. नवा बसवताना पोऱ्याने एकट्याने, दुसऱ्या हाताने कपाळ पुसत हँडल दाबलं. आवाज नाही, काही नाही. लोण्यात सुरी जावी तसा आत. मी म्हटलंसुद्धा, "सहज बसला की!" मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी कापली, बुशाभोवती गुंडाळली आणि पुन्हा दाबला. "आता टाइट आहे. एवढं चालतं." खरं तर मी तिथेच काम थांबवायला हवं होतं. पण आपल्याला त्यातलं काय कळतं, असं वाटून गप्प बसले. मिस्त्रींवर माझा राग आहे, पण अर्धाच. रोज अशी पट्टी लावून टेम्पो रस्त्यावर सोडणाऱ्या माणसाला ती वावगी वाटली नाही, इतकंच.

पहिले पंधरा दिवस गाडी गुळगुळीत. मग करकर सुरू झाली, जुन्या खाटेसारखी. सातशे किलोमीटर झाले असतील नसतील, पुण्याहून येताना खंबाटकी ओलांडून सुरूरच्या अलीकडे पुढच्या ट्रकमुळे ब्रेक मारला आणि गाडी डावीकडे खेचली गेली. स्टिअरिंग हातात सरळ, गाडी तिरकी. कडेच्या पांढऱ्या पट्टीवर जाऊन थांबले. मागे कुणी नव्हतं म्हणून हे लिहायला आहे.

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंटवाल्याकडे नेली. त्याने चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि हातच झटकले. "मी काटा कुठे लावू? दर वेळी वेगळं दाखवणार. आधी आर्म खोला." टायर आतून निम्मे गेले होते.

या वेळी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले. तिथला मिस्त्री वयाने लहान, पण कामाला चोख. त्याने आर्म उतरवला, बुश बोटाने बाहेर ढकलला आणि माझ्या हातात दिला. कॅनची पट्टी चुरगळून निम्मी बाहेर आली होती, त्यावरची लाल अक्षरं अजून वाचता येत होती. बुश व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉने उभा कापला. खालच्या कागदावर काळा भुगा पडला, मिरपुडीसारखा. रबर लोखंडाला चिकटलेलं नव्हतंच, नुसतं कोंबलेलं होतं. त्यात बारीक धागे दिसले, जुने टायर दळून मिसळल्याचे. नळीच्या आत नख फिरवलं तर एक उभी रेघ लागली. साध्या जोडाच्या पाइपाचे तुकडे कापलेले.

मग मी जुन्या गॅरेजच्या भंगाराच्या पिंपात हात घातला. नशिबाने तिथे अजून माझे दोन मूळ बुश होते, एक जरा धड. व्हर्नियरने मोजले. नव्याचं कडं तीन दशांश मिलिमीटर बारीक, आतलं भोक अर्धा मिलिमीटर मोठं, नळी दीड मिलिमीटर आखूड. एकही माप जुळेना. फोटोत व्हर्नियर लावलेला होता तो खऱ्या बुशालाच, आणि तो बहुधा त्याच्याकडे एकच असावा.

घरी येऊन रागाने डबा फाडायला घेतला तेव्हा कडेची बारीक छपाई वाचली. कंपनीचा पत्ता, खाली 'मुंबई', इंग्रजीत. चौऱ्याऐंशी सालच्या डब्यावर! बॉम्बेचं मुंबई झालं १९९५ ला. डबा चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केला असावा, कोपऱ्यात तपकिरी ओघळ वाळलेला होता. हे सगळं पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होतं.

फोन केला. आधी म्हणाला, "ताईसाहेब, डबे नवीन छापून घेतले, माल जुनाच." मग म्हणाला, तुमच्या मिस्त्रीला बसवता आला नाही. कापलेल्या बुशाचा फोटो पाठवल्यावर त्याने फोन घेणंच सोडलं. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. तिथल्या मुलीने पहिलं विचारलं ते बिल. यूपीआयची नोंद आणि चॅट दिलं, तक्रार क्रमांक मिळाला, पुढे अजून काही नाही. जीएसटीचे पैसे वाचवायला गेले तेव्हा मी नेमका हाच कागद सोडून दिला होता.

बुश शेवटी कोल्हापुरात झाले. उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे पिंपातला तो धड बुश आणि उतरवलेले आर्म दोन्ही नेले. त्याने बुशाकडे नंतर पाहिलं, आधी आर्मची भोकं मोजली. एक भोक कॅनच्या पट्टीमुळे लंबगोल झालं होतं, त्या बुशाचं कडं त्याने वेगळ्या मापाचं केलं. रबर दुसऱ्याकडे साच्यात, लोखंडाला चिकटवून भरलं. दहा दिवस लागले, पैसे फसवणाऱ्याला दिले त्याहून थोडे कमीच. बसवताना प्रेसचं हँडल दोघांनी मारलं. 'कट्' आवाज आला आणि मला हसू फुटलं.

आणखी एक गोष्ट त्या तरुण मिस्त्रीने केली, जी आधीच्याने केली नव्हती. बोल्ट आधी नुसते हाताने लावले, गाडी चारही चाकांवर खाली घेतली, पुढून दोनदा दाबून सोडली आणि मगच पाना लावला. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि चांगला बुशही लवकर फाटतो. तुमच्याकडे काम सुरू असेल तर तिथे उभं राहून हे बघा. जुने बुश भंगारात टाकू देऊ नका. विकणाऱ्याकडून, तुम्हाला जो तुकडा येणार त्यालाच व्हर्नियर लावून तीन मापं मागा: कडं, भोक, नळीची लांबी. वडिलांचं काही सांगू नका.

गेल्या आठवड्यात त्याचा नव्या नंबरवरून मेसेज आला. मी कोण हे विसरला असावा. "ताईसाहेब, पद्मिनीचा किंगपिन सेट आलाय, ओरिजिनल, शेवटचा." मी लिहिलं, डब्याच्या पत्त्याच्या बाजूचा फोटो पाठवा. निळ्या टिका लगेच आल्या. फोटो अजून आलेला नाही.