एका उपजिल्हा रुग्णालयाचं वर्ष: तक्त्यात काय आहे आणि रेफरच्या वहीत काय

दक्षिण कोकणातल्या एका ५० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयाने वर्षभराच्या कामाचा तक्ता केसपेपरच्या खिडकीशेजारी लावला आहे. ओपीडी, दाखल रुग्ण, प्रसूती, सिझेरियन, एक्स-रे, डायलिसिस, सर्पदंश. सगळे रकाने चढते. त्यातला ओपीडीचा चढ सोडून द्यावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले, केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, तेव्हा गर्दी वाढणारच होती. तालुक्याच्या रुग्णालयाची पारख ज्या रकान्यात होते तो या तक्त्यात नाहीच: पुढे किती जणांना पाठवलं, कशासाठी पाठवलं आणि पाठवण्याआधी इथे काय केलं. ही माहिती कॅज्युअल्टीतल्या, म्हणजे तातडीच्या विभागातल्या, रेफरच्या वहीत असते. आम्ही सेवा तपासली ती त्या अंगाने.

सर्पदंशात पैकीच्या पैकी. कोकणात हे सोपं नाही. कातळावर, चिरेखाणीत, आंब्याकाजूच्या बागेत गवत काढताना फुरसं चावतं. ते लहान असतं म्हणून लोक दोन दिवस अंगावर काढतात आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं की येतात. घोणस आणि फुरसं या दोघांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग नळी एकदा तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष चढलं आहे. गफलत होते ती नळीत. प्लॅस्टिकची नळी घेतली किंवा काचेची नळी साबणाच्या पावडरने धुतलेली असली, तर धडधाकट माणसाचंही रक्त गोठत नाही आणि सापाच्या विषावरची लस विनाकारण दिली जाते. इथे कॅज्युअल्टीच्या कपाटात कोऱ्या काचेच्या नळ्यांचा वेगळा डबा आहे, त्यावर ‘फक्त सर्पदंश’ अशी चिकटपट्टी. ज्याला ही चिकटपट्टी सुचली, त्याचं नाव तक्त्यावर यायला हरकत नव्हती.

पहिला डोस ८ ते १० व्हायल, सलाईनमधून साधारण तासाभरात. मुलांनाही तेवढाच, कारण साप माणसाच्या वजनाप्रमाणे विष सोडत नाही. उशाशी ॲड्रेनॅलिन भरलेलं हवं. लसीचीच रिअ‍ॅक्शन येऊ शकते. सहा तासांनी पुन्हा नळी लावायची. तेवढा वेळ थांबायचं, कारण रक्त गोठवणारे घटक यकृताला पुन्हा तयार करायला साधारण तेवढे तास लागतात. मधल्या काळात घाबरून व्हायल ओतत राहणं म्हणजे साठा संपवणं. हा क्रम इथे भिंतीवर मराठीत लावलेला आहे आणि रात्रपाळीची सिस्टरही तो न बघता सांगते. मण्याराचं प्रकरण निराळं. रात्री झोपेत चावतो, जखम दिसत नाही, दुखत नाही. पहाटे पोटात कळा आणि पापण्या जड. अशा रुग्णाला लसीइतकीच श्वासाची मदत लागते, म्हणजे अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देणारा फुगा) दाबत बसणारा माणूस आणि पुढे व्हेंटिलेटर. व्हेंटिलेटर चालवायला इथे चोवीस तास माणूस नाही, त्यामुळे मण्याराचे रुग्ण लस सुरू करून, श्वासनलिकेत नळी घालून पुढे जातात. हे रेफर योग्यच. एक लक्षात ठेवा: आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरच चालते. घाटालगत सापडणाऱ्या चापडा या विषारी सापावर ती चालत नाही, तेव्हा लस का देत नाही म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालू नये.

विंचवाबद्दलही तक्रार नाही. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडले की प्राझोसिनची गोळी लगेच द्यायची. हा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्याच रुग्णांवर काम करून रुजवला. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी स्वस्त, पण कपाटात हवी. आहे.

आता प्रसूती. तक्त्यात आकडा ठळक अक्षरांत आहे आणि नॉर्मल बाळंतपणासाठी हे रुग्णालय खरोखर चांगलं. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाभरात ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात, रक्तस्राव रोखण्यासाठी. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ॲम्प्युल सकाळपासून ट्रेमध्ये पडून राहतात आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात त्यांचा जोर कमी होतो, मग ‘इंजेक्शन देऊनही रक्त थांबलं नाही’ अशी नोंद होते. इथे ॲम्प्युल फ्रीजमधून गरजेपुरत्याच काढतात.

सिझेरियनची गोष्ट मात्र वाराप्रमाणे बदलते. स्त्रीरोगतज्ज्ञ पूर्णवेळ आहेत, भूलतज्ज्ञ नाहीत. बाहेरचे भूलतज्ज्ञ केसमागे मानधनावर येतात आणि तेच दोन खासगी दवाखानेही सांभाळतात. त्यामुळे ठरवून केलेली सिझेरियन दिवसा होतात, तक्त्यातला आकडा फुगतो; रात्री दोनला अडलेली बाई गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात: रत्नागिरी, सिंधुदुर्गातलं ओरोस नाहीतर थेट गोव्यातलं बांबोळी. त्या वाटेवर जाणारा वेळच घातक. रक्ताचंही तेच. इथे रक्तपेढी नाही, रक्तसाठवण केंद्र आहे, म्हणजे जिल्ह्याच्या रक्तपेढीतून पिशव्या आणून ठेवायच्या. मुदत संपून पिशव्या वाया गेल्याचा ठपका नको म्हणून कमी आणतात आणि मग दुर्मीळ गटाची बाई आली की रेफर. सातव्या-आठव्या महिन्यातच रक्तगट विचारून तशी पिशवी मागवून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. पहिलं बाळंतपण सिझेरियनचं असेल, बीपी असेल, तर तारखेच्या आठवड्यात भूलतज्ज्ञ कोणत्या दिवशी उपलब्ध आहेत हे आधीच विचारून ठेवावं. खिडकीवर नव्हे, प्रसूती कक्षाच्या इनचार्ज सिस्टरना.

मनुष्यबळाच्या रकान्यात ‘मंजूर पदे’ आणि ‘भरलेली पदे’ असे दोन आकडे दिले आहेत, हे प्रामाणिकपणाचं. पण भरलेल्यांत कायम किती, एनएचएमचे (राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे) कंत्राटी किती आणि बाँडवरचे, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा करणारे, किती हे दिलेलं नाही. फरक मोठा आहे. बाँडवरचा एमबीबीएस डॉक्टर वर्षभरासाठी येतो, पावसाळाभर साप, विंचू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) शिकतो आणि हात बसला की पीजीला जातो. पुढच्या जूनला नवा डॉक्टर, पुन्हा श्रीगणेशा. अशा ठिकाणी काम टिकतं ते सिस्टर, लॅब टेक्निशियन आणि औषधनिर्माता यांच्यावर. प्रतिनियुक्तीचा खेळ वेगळाच: पगार इथला, हजेरी दुसरीकडे, आणि तक्त्यात पद भरलेलं.

लेप्टोबाबत काम सरस. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्यांना आठवड्याला एकदा डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम, गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं सोडून. ताप, पोटऱ्या दुखणं आणि लाल डोळे दिसले की रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात, आणि तेच बरोबर. रक्तातल्या अँटिबॉडी दिसायला पाच-सात दिवस जातात, तोवरचा निगेटिव्ह रिपोर्ट फसवा. लघवी कमी झाली किंवा थुंकीत रक्त दिसलं तर मात्र इथे थांबू नये.

डायलिसिस युनिट नवं, स्वच्छ आणि थंड. यंत्रापेक्षा अडचण पाण्याची. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं आणि आरओमधून जवळपास तेवढंच वाया जातं. मे महिन्यात विहीर तळाला गेली की दुपारची पाळी पुढे ढकलली जाते. वाया जाणारं पाणी संडासांच्या फ्लशच्या टाकीत सोडलं तरी निम्मा प्रश्न सुटेल. सध्या ते गटारात जातं. पागोळ्यांचं पाणी अडवणाऱ्या कोकणात हे पाहवत नाही.

स्वच्छतेत कायाकल्पचं, म्हणजे सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छता योजनेचं, प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. पुरुष वॉर्डातल्या संडासाची कडी तुटलेली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या.

औषधं बहुतेक आतच मिळतात. बाहेरची चिठ्ठी दिली तर औषधनिर्मात्याकडून ‘शिल्लक नाही’ असं चिठ्ठीवर लिहून मागा. लिहायची वेळ आली की पर्यायी औषध पुष्कळदा सापडतं.

गाड्यांचं: अपघात, झटका, साप यांसाठी १०८, तिच्यात डॉक्टर असतो. गरोदर बाईसाठी १०२. बाळंतपणानंतर घरी सोडणंही मोफत सेवेतच येतं, तसंच दाखल असेपर्यंतचं जेवण, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझेरियनला सात. जेवण वेळेवर येतं, डाळ पातळ असते. परतीची गाडी मात्र कुणी आपणहून देऊ करत नाही. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी वॉर्डात नाव आणि वाडी सांगून ठेवावी. गाडी एक आणि वाड्या चार दिशांना, त्यामुळे दुपारनंतर विचारणाऱ्याला बहुधा रिक्षाच करावी लागते.