स्पेक्ट्रम की बीबीसी मायक्रो : दुरुस्तीसाठी पहिलं मशीन कोणतं घ्यावं?

जुने होम कॉम्प्युटर दुरुस्त करायचा नाद लागला की कमोडोर, अटारी, ॲमस्ट्रॅड अशी बरीच नावं पुढे येतात. पण आपल्याकडे बसून हा छंद करायचा तर खरी निवड दोघांतच आहे असं माझं मत : सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम किंवा ॲकॉर्नचा बीबीसी मायक्रो. दोन्ही मूळ ब्रिटनचे, बीबीसी १९८१ च्या डिसेंबरातला आणि स्पेक्ट्रम १९८२ च्या एप्रिलातला. आणि दोघांचाही भारताशी संबंध आला. १९८४-८५ मध्ये शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून बीबीसी मायक्रो शाळाशाळांत पोचले, सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने तेच मशीन 'युनिकॉर्न' म्हणून काढलं. स्पेक्ट्रम प्लस डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन विकला. त्यामुळे एखाद्या शाळेच्या अडगळीतून किंवा कुणाच्या माळ्यावरून यांपैकी काहीतरी अजून निघतं. बाकीची मशीनं बहुतेक वेळा परदेशातूनच मागवावी लागतात.

मेगाहर्ट्झ आणि किलोबाइटचा हिशेब तुम्हाला पाठ असणार, तो सोडून देतो. गेम किती आणि कोणते, हेही. बिघडलेलं मशीन टेबलावर आल्यावर त्याच्याशी झटापट करताना काय होतं, तेवढंच लिहितो. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही चालू आहेत.

आधी स्पेक्ट्रमची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. बोर्ड छोटा आणि सर्किट सरळ, एका दुपारी डोक्यात बसेल इतकं. बिघाडही ठरावीक. चालू केल्यावर पडदा क्षणभर काळा होऊन पांढरा व्हायला हवा आणि खाली सिंक्लेअर रिसर्चची ओळ यायला हवी. त्याऐवजी रंगीत चौकोन किंवा उभे पट्टे दिसले, तर मल्टिमीटर घेऊन मेमरीच्या खालच्या १६ केबीच्या ४११६ चिप्सवर जायचं. पाय १ वर उणे ५ व्होल्ट, ८ वर १२, ९ वर ५. उणे ५ गायब असेल तर टीआर-४ आणि टीआर-५ हे दोन ट्रान्झिस्टर आणि शेजारची कॉइल तपासायची. दहातल्या सात-आठ मशीनची गोष्ट इथेच संपते असा माझा अंदाज आहे, मोजदाद कुणी केलेली नाही. फक्त लक्षात ठेवा, उणे ५ गेलेलं असताना मशीन चालू ठेवलं तर ४११६ पटापट मरतात. मेलेली चिप बऱ्याचदा बोट लावताच चटका देते, ती शोधायला आणखी उपकरण लागत नाही.

चित्राचंही सोपं. मॉड्युलेटरमधल्या, म्हणजे टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल बनवणाऱ्या डबीतल्या, जुन्या वायरी सोडवून काँपोझिट (साधा व्हिडिओ) सिग्नल थेट बाहेर काढला की आजचा टीव्हीही घेतो. गेम चढवायला कॅसेट लागत नाही, फोनच्या हेडफोन जॅकमधून मशीनच्या 'इअर' सॉकेटला वायर जोडली की झालं. अलीकडच्या फोनना तो जॅकच नसतो, ही निराळी रड. मेमरी कार्डावरून गेम चढवणारा डिव्हएमएमसी घेतला तर तेवढंही नको.

एक सावधगिरीची गोष्ट. स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरला पिनच्या मधोमध ऋण असतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणाऱ्या अडॅप्टरना मधोमध धन असतो. दुकानदार 'चालतंय की' म्हणेल. मीटर लावल्याशिवाय चालवू नका.

आता बीबीसी. याचा पॉवर सप्लाय पोटातच, थेट २३० व्होल्टचा. त्यात मेन्सवर बसवलेले दोन फिल्टर कॅपॅसिटर असतात, पारदर्शक पिवळसर आवरणाचे, आत कागद. चाळीस वर्षांत आवरणाला बारीक चिरा जातात आणि कागद दमट हवा शोषतो. मग एखाद्या दिवशी, मशीन व्यवस्थित चालू असतानाच, फट्‌ असा आवाज होऊन खोलीभर असा घाण धूर पसरतो की घरचे छंदाबद्दल नव्याने चौकशी करतात. कोकणात किंवा मुंबई-ठाण्याला राहत असाल तर पावसाळ्यात ही शक्यता आणखी वाढते असं मला वाटतं. इलाज स्वस्त : एक्स-२ वर्गाचे (थेट मेन्सवर बसवायचे) दोन नवे कॅपॅसिटर, किरकोळ पैशांत. पण सप्लाय उघडल्यावर मोठ्या कॅपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. वायर काढून बराच वेळ थांबा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. हे वाचूनच पोटात गोळा येत असेल तर सप्लायचं काम टीव्हीवाल्या मेकॅनिककडून करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

सप्लाय एकदा मार्गी लागला की मात्र हे मशीन दुरुस्तीला फार समजूतदार आहे. चालू करताच एक खर्जातला लांब सूर आणि मग एक छोटी 'पीप', म्हणजे प्रोसेसर उठला. नुसताच लांब सूर चालू राहिला, तर आवाजाची चिप आपोआप सुरू झाली आहे पण तिला गप्प करणारी सूचना आलेली नाही, म्हणजे प्रोसेसर, रॉम किंवा कीबोर्ड-आवाज सांभाळणारी सिस्टिमची ६५२२ चिप यांपैकी कुठेतरी गाडं अडलंय. पडदा न जोडता, कानाने एवढं कळतं. पीप आली पण पडद्यावर कचरा दिसतोय? तर आंधळेपणाने 'मोड ४' टाइप करा आणि रिटर्न दाबा. चित्र स्वच्छ झालं तर दोष सुरुवातीच्या मोडची अक्षरं काढणाऱ्या, टेलिटेक्स्टच्या एसएए-५०५० चिपमध्ये किंवा तिच्या सॉकेटमध्ये. बहुतेक मोठ्या चिप्स सॉकेटमध्ये असल्यामुळे पहिला उपाय नेहमी एकच : चिप हळूच उचलायची, पाय साफ करायचे, परत दाबायची. दमट हवेत पडून राहिलेली मशीनं एवढ्यानेही उठतात.

इथवर वाचून वाटेल की दोघं तोडीस तोड आहेत. कागदावर आहेतही. माझा कल ज्या गोष्टीने ठरला ती बिघाडांच्या यादीत सहसा खालीच असते : स्पेक्ट्रमच्या कीबोर्डच्या पट्ट्या.

स्पेक्ट्रमचा कीबोर्ड म्हणजे प्लॅस्टिकचं मेंब्रेन, वाहक रेघा छापलेला पातळ पापुद्रा. रबरी बटणांच्या मूळ मॉडेलमध्येही तेच, प्लसमध्येही तेच. त्यातून दोन पातळ पट्ट्या निघतात, एक पाच रेघांची आणि एक आठ रेघांची, आणि बोर्डावरच्या दोन सॉकेटांत जातात. वरचं झाकण उचलायचं तर या पट्ट्या ओढून काढाव्या लागतात, कारण त्या वरच्या भागाला जोडलेल्या. चाळीस वर्षांनी हे प्लॅस्टिक वाळून पापडासारखं झालेलं असतं. सॉकेटच्या तोंडाशी जिथे घडी पडते, तिथेच नेमकी चीर जाते. डोळ्यांना दिसतही नाही. मशीन बंद करता, स्क्रू आवळता, चालू करता, आणि पाचवाल्या पट्टीची एक रेघ तुटलेली असली की कॅप्स शिफ्ट, ए, क्यू, १, ०, पी, एंटर, स्पेस ही आठ बटणं एकदम मुकी. एंटरच नाही म्हटल्यावर पुढे काय करणार? आठवाल्या पट्टीची एक रेघ तुटली तर अर्ध्या ओळीची पाच बटणं जातात, ते त्यातल्या त्यात बरं.

टोक दोन-तीन मिलिमीटर कापून पुन्हा खोचायची युक्ती सगळे सांगतात. चालते. पण पट्टी मुळात आखूड असते, आणि प्रत्येक कापणीनंतर झाकण बोर्डाच्या आणखी जवळ धरून, तिरक्या हाताने ती खोचायची कसरत वाढत जाते. त्या कसरतीतच ती पुन्हा तुटते.

दुरुस्ती म्हणजे एकदा उघडून एकदा बंद करणं नव्हे. ट्रान्झिस्टर बदलला, लावून पाहिलं, पुन्हा उघडलं, चिप बदलली, पुन्हा लावलं. स्पेक्ट्रममध्ये या प्रत्येक फेरीला कीबोर्ड पणाला लागतो. मेंब्रेन नवीन मिळतं, चांगलं मिळतं, जुन्यापेक्षा लवचीकही असतं. पण ते येतं ब्रिटन-युरोपातून, आणि माझा अनुभव असा की मेंब्रेनपेक्षा टपाल, कस्टम्स आणि कुरिअरवाल्यांचं हाताळणी शुल्क मिळून जास्त होतं. एकदा तर पाकीट आलं ते नीट दुमडून, मधोमध घडी घालून. कोणी घातली देव जाणे.

बीबीसीला 'फिक्स' लिहिलेले चार स्क्रू काढले की झाकण सुटं होतं. कीबोर्ड जागच्या जागी राहतो आणि मशीन उघडंच चालू ठेवून चिपवर बोट ठेवता येतं, फक्त सप्लायच्या बंद डब्यापासून हात लांब. बटणं खरीखुरी, प्रत्येकाचा स्विच वेगळा. एक अडलं तर एकच बदला. संध्याकाळी अर्ध्यावर सोडून झाकण टाकलं आणि पुढच्या रविवारी परत काढलं, तरी त्यात काही मोडत नाही. माझ्यासारख्या तुकड्यातुकड्यांनी काम करणाऱ्याला हे फार मोठं सुख आहे.

न्यायाने सांगायचं तर स्पेक्ट्रमवर तोडगे आहेत. कीबोर्ड न जोडता बोर्ड उघडाच ठेवून डायग्नोस्टिक रॉमवर (बिघाड शोधणाऱ्या प्रोग्रामच्या चिपवर) तपासायचा आणि सगळं ठीक झाल्यावर अगदी शेवटी नवं मेंब्रेन घालायचं. अनुभवी लोक असंच करतात, आणि त्यांना माझी तक्रार फुसकी वाटेल. शिवाय बीबीसीच्याही खोड्या आहेत : मशीन अवजड, भाव चढा, चांगल्या रंगीत चित्रासाठी आरजीबीवरून (लाल-हिरवा-निळा वेगळे देणाऱ्या सिग्नलवरून) एचडीएमआय करणारं वेगळं बोर्ड लागतं, आणि व्हिडिओ यूएलए (त्या मशीनसाठी खास बनवलेली चिप) गेली तर काम खर्चिक होतं. यूएलएची धाकधूक अर्थात स्पेक्ट्रमलाही आहे. स्पेक्ट्रमच्या झेड-८० प्रोसेसरचं मूळ उत्पादनही झायलॉगने २०२४ मध्ये थांबवायचं जाहीर केलं, पण बाजारात साठा इतका आहे की त्याची काळजी आपल्या हयातीत करायला नको.

लहानपणी स्पेक्ट्रमवर खेळला असाल, किंवा मुख्यतः खेळायचंच असेल, तर माझं ऐकू नका, स्पेक्ट्रमच घ्या. हात साफ करायचा असेल, बिघाड शोधण्यातच मजा वाटत असेल, तर मी तरी बीबीसीकडे ढकलेन.

घेताना बीबीसीवाल्याला सांगा, 'चालू करून दाखवू नका', आणि आतले फोटो मागवा. त्या पिवळ्या कॅपॅसिटरची खात्री होईपर्यंत वायर लावायचीच नाही, त्यानेही आणि तुम्हीही. स्पेक्ट्रम घेत असाल तर ज्या दिवशी मशीनचे पैसे द्याल त्याच दिवशी मेंब्रेनचीही ऑर्डर टाका, जुनं चालत असलं तरी, आणि पाकिटावर 'दुमडू नये' असं लिहायला सांगा.