लिनक्सवर एसएसडीवर लक्ष ठेवताना: स्मार्टसीटीएल, एनव्हीएमई-सीएलआय की आयओस्टॅट?

आंबा-काजूच्या व्यवसायाचे हिशेब ठेवणारा रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जुना संगणक एसएसडी (चिपवर माहिती साठवणारा ड्राइव्ह) बसवून आणि त्यावर उबुंटू किंवा डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकून पुन्हा कामाला लावता येतो. त्या एसएसडीवर लक्ष ठेवण्यासाठी साधन निवडताना मात्र दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: आजवर एकूण किती लेखन झाले, आणि या घडीला कोणता प्रोग्राम लिहीत आहे?

पहिल्या प्रश्नासाठी माझी पसंती स्मार्टसीटीएलला, म्हणजे ड्राइव्हने स्वतःच ठेवलेल्या प्रकृतीच्या नोंदी वाचणाऱ्या साधनाला आहे, कारण ते साटा (जुनी जोडणी) आणि एनव्हीएमई (नवी, वेगवान जोडणी) या दोन्ही प्रकारच्या ड्राइव्हवर चालते. साटा ड्राइव्हवर एकूण लेखन बहुधा 241 क्रमांकाच्या नोंदीत सापडते. पण तिचे एकक उत्पादकागणिक बदलते, म्हणजे कुठे 512 बाइटचे सेक्टर मोजलेले असतात, तर कुठे 32 एमआयबीचे (एक एमआयबी म्हणजे सुमारे दहा लाख बाइट) किंवा 1 जीआयबीचे (1,024 एमआयबी) गठ्ठे. एकक न तपासता केलेला हिशेब हजारो पटींनी चुकू शकतो. एनव्हीएमईमध्ये ही भानगड नाही. तेथे ‘डेटा युनिट्स रिटन’चे, म्हणजे एकूण लेखनाच्या नोंदीचे, एक एकक 5,12,000 बाइटचे असल्यामुळे 2 कोटी एकके म्हणजे 10.24 टीबी (टेराबाइट). ड्राइव्हची हमी 300 टीबी लेखनाची असेल, तर हा वापर साडेतीन टक्क्यांच्याही आत राहतो. ‘पर्सेंटेज यूज्ड’ हा आकडा 100 च्या पुढेही जाऊ शकतो. तो उत्पादकाने अंदाजलेल्या आयुष्याचा खर्च दाखवतो, ड्राइव्ह बंद पडण्याची तारीख नव्हे.

फक्त एनव्हीएमई ड्राइव्हसाठी असलेली एनव्हीएमई-सीएलआय हीच माहिती देते, शिवाय त्रुटींची नोंदवही आणि फर्मवेअर (ड्राइव्हमधील अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत करण्याची सोयही देते. साटा ड्राइव्हला तिचा उपयोग शून्य. टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करणे नकोसे वाटणाऱ्यांसाठी जीस्मार्टकंट्रोल आहे, पण ते स्मार्टसीटीएलचेच खिडकीतले रूप आहे.

कोकणात मी झिजेच्याही आधी ‘अनसेफ शटडाउन्स’ हा आकडा पाहीन. पावसाळ्यात वीज अचानक गेली आणि इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसला, की ड्राइव्हला आवराआवर करायला वेळ मिळत नाही, आणि हा आकडा वाढतो. स्वस्त एसएसडींमध्ये अशा वेळी वीज पुरवणारे कपॅसिटर बहुधा नसतात, त्यामुळे कॅशमधील (तात्पुरत्या साठ्यातील) लेखन हरवण्याचा धोका राहतो. हा आकडा ‘पॉवर सायकल्स’च्या (ड्राइव्ह एकूण किती वेळा सुरू झाला त्याच्या) जवळपास पोहोचला असेल, तर नव्या ड्राइव्हआधी यूपीएसवर खर्च करावा.

ड्राइव्हवर किती वाचन-लेखन होते ते दाखवणाऱ्या आयओस्टॅटचा पहिला अहवाल संगणक सुरू झाल्यापासूनचा असतो आणि पुढचे अहवाल ठरवलेल्या कालावधीचे. वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी एकूण वापरासाठी तो निरुपयोगी ठरतो, कारण प्रत्येक वेळी मोजणी नव्याने सुरू होते. दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे लिहिणारा प्रोग्राम पकडायचा असेल तर, प्रत्येक प्रोग्रामचे वाचन-लेखन दाखवणारे आयओटॉप बरे. त्यातील बेरजेचा पर्याय लावून तासभर चालू ठेवले, की ब्राउझरची कॅश किंवा बेसुमार लॉग लिहिणारी एखादी सेवा नजरेस पडते. मात्र त्यासाठी रूटचे (प्रशासकाचे) अधिकार लागतात.

ज्याला रोज पाहण्यास सवड नाही त्याने स्मार्टसीटीएल ज्या संचात येते त्या स्मार्टमॉनटूल्समधील स्मार्टडी ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा सुरू करावी. ती मुळातच दर 30 मिनिटांनी ड्राइव्ह तपासते आणि बिघाडाची चिन्हे दिसताच ईमेल धाडू शकते. मात्र संगणकावर मेल पाठवण्याची व्यवस्था लावलेली नसेल, तर तो इशारा सिस्टिम लॉगमध्येच पडून राहतो.