भाड्याच्या घराची वायरिंग तपासून घेतली, त्याबद्दल

जुना भाडेकरू गेला, नवीन यायचा होता. मधल्या रिकाम्या आठवड्यात हे काम उरकलं. आलेला माणूस टेस्टर लावून दोन मिनिटांत 'सगळं ओके' म्हणणाऱ्यांतला नव्हता. मेन बंद करून त्याने मेगरने (वायरवरचं आवरण वीज कितपत अडवतं ते मोजणारं यंत्र) 500 व्होल्टवर एकेका सर्किटचं इन्सुलेशन मोजलं. आकडा 1 मेगओमच्या खाली गेला की वायर संशयित. गीझरची लाइन नेमकी त्यातच निघाली. वर सॉकेट तीन पिनांचं, पण आत अर्थिंगची वायर नुसतीच लोंबत होती! इतकी वर्षं लोक तिथे आंघोळ करत होते आणि मी भाडं घेत होतो.

आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबल्यावर तो पडला, म्हणून मी खूश. तर त्या माणसाने मीटर लावून 30 मिलिअँपिअर गळतीला तो किती मिलिसेकंदांत पडतो तेही पाहिलं. बटणावरून अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही, हे मला आत्ता समजलं.

तक्रार एकच: अहवाल हाताने लिहिलेला, अक्षर डॉक्टरी. दोनदा फोन करून वाचून घ्यावा लागला. दुरुस्तीनंतरची फेरतपासणी मात्र न सांगता केली.