कव्हर लेटरच्या नावाखाली चालणारी लूट

नोकरीच्या पोर्टलवर बायोडेटा चढवला की थोड्याच दिवसांत फोन येतो. "क्रूझसाठी तुमची निवड झालीय, फक्त कव्हर लेटर आमच्या फॉरमॅटमध्ये हवं." अर्जासोबतच्या या पत्रासाठी सुरुवातीला चार-पाचशे रुपये. रक्कम इतकी किरकोळ की घरात कुणाला विचारावंसंही वाटत नाही. मग व्हेरिफिकेशन, मग मेडिकल, मग 'परत मिळणारी' अनामत. गोव्यात बोटीवर जाणारी माणसं घरोघरी, म्हणून इथे हे आमिष चटकन लागू पडतं.

पैसे भरून मिळालेलं पत्र जरा नीट वाचावं. "आपल्या नामांकित संस्थेत माझ्या कौशल्यांना वाव मिळेल" ही सुरुवात कुठल्याही कंपनीला चालते, म्हणजे कुठल्याच कंपनीला चालत नाही. कधी तर आधीच्या गिऱ्हाइकाच्या हॉटेलचं नाव तसंच राहून गेलेलं असतं.

याला पैसे मोजण्यासारखं काही नाही. पत्र एका पानाचं, अडीचशे-तीनशे शब्दांत. पहिल्या ओळीत पद आणि जाहिरात कुठे पाहिली ते. मग जाहिरातीतल्या दोनच अटी उचलून त्यांना पुरावा जोडायचा. वेर्ण्याच्या औषध कारखान्यात क्यूसीसाठी (गुणवत्ता तपासणी) अर्ज असेल तर नुसतं "अनुभव आहे" नको, एचपीएलसीवर (औषधातले घटक तपासायचं यंत्र) कोणत्या चाचण्या केल्या ते लिहा. फ्रंट ऑफिससाठी हॉटेल किती खोल्यांचं होतं, बुकिंगचं सॉफ्टवेअर कोणतं होतं, ते सांगा. शेवटी कधी रुजू होता येईल ते. आधार क्रमांक, पासपोर्टची प्रत, बँक खातं यांचं पत्रात काहीच काम नाही. भामट्यांच्या 'फॉरमॅट'मध्ये मात्र नेमके हेच रकाने असतात. त्यांना पत्र नको असतं, कागदपत्रं हवी असतात.

बोटीवर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाचा, आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना लागतो. त्याचा क्रमांक मागा आणि डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा. एमएलसी २००६ या खलाशांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरतीची फी खलाशाकडून घेता येत नाही. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि वैद्यकीय प्रमाणपत्राचा खर्च तेवढा उमेदवाराच्या खिशातून.

पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) हाताशी ठेवा, चॅट पुसू नका. लेखी तक्रार सायबर क्राइम पोर्टलवर किंवा रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात देता येते. यानंतर "रिफंड मिळवून देतो, प्रोसेसिंग फी भरा" असा फोन आला, तर तीही बहुधा त्याच टोळीची माणसं.