टॅरोचा नकली डेक कसा गळ्यात मारतात आणि तो कसा ओळखायचा

खोका सीलबंद, चित्रं तीच, नाव तेच आणि किंमत मूळ डेकच्या एक तृतीयांश. हातात आलेला डेक, म्हणजे कार्डांचा संच, मात्र नकली. टॅरोच्या, म्हणजे भविष्य पाहायला वापरतात त्या ७८ चित्रकार्डांच्या, ऑनलाइन बाजारात ही फसवणूक इतकी रुळली आहे की अनेकांचा पहिलाच डेक बनावट निघतो. त्यांना ते कळतही नाही, कारण शेजारी ठेवून ताडून बघायला दुसरा डेक नसतो. म्हणून अशाच एका खरेदीत काय दाखवलं गेलं आणि काय मिळालं, ते तपशिलात मांडतो आहोत. अशी दुकानं एका नावाने बंद पडली की दुसऱ्या नावाने उभी राहतात. त्यांची पद्धत मात्र तीच असते, त्यामुळे ती ओळखलेली बरी.

डेक एका स्वतंत्र चित्रकर्तीचा म्हणून विकला गेला. जाहिरातीतले फोटो तिच्याच संकेतस्थळावरून उचललेले होते: दोन भागांचा जाड खोका, सोनेरी कडा, बांधीव पुस्तिका. खालच्या वर्णनात मात्र तिचं नाव नव्हतं आणि प्रकाशकाचंही नव्हतं. त्याऐवजी ‘टॅरो कार्ड भविष्य बोर्ड गेम पार्टी इंग्रजी आवृत्ती’ अशी शब्दांची माळ. माप एकाच ठिकाणी, अगदी तळाशी दिलेलं: १०.३ बाय ६ सेंटिमीटर. त्याखाली ‘पुस्तिका इलेक्ट्रॉनिक स्वरूपात’ एवढीच ओळ. चित्रकाराचं नाव गायब, प्रकाशक गायब, लहान माप आणि क्यूआर कोडवर मिळणारी पुस्तिका, या चारांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तरी पैसे भरू नयेत.

लहान मापामागे हिशेब असतो. टॅरो कार्डाचं रूढ माप साधारण ७० बाय १२० मिलिमीटर. ६० बाय १०३ केलं की एका कार्डाचं क्षेत्रफळ पाव हिश्शाहून जास्त घटतं. छपाईच्या एका तावात जास्त कार्डं बसतात, पार्सल हलकं होतं, कागद वाचतो. मोठ्या मापासाठी रेखाटलेल्या बारकाव्यांचा त्यात चेंदामेंदा होतो, पण त्याची फिकीर करायला तिथे कोणी नसतं. प्रकाशक स्वतःही खिशात मावणाऱ्या आवृत्त्या काढतात, त्यामुळे लहान माप म्हणजे नकली असं सरसकट म्हणता येत नाही. मात्र प्रकाशक ते खोक्यावर आणि आपल्या पानावर स्पष्ट लिहितो. त्याने दिलेलं माप आणि विक्रेत्याचं माप जुळत नसेल, तर तिथेच थांबावं.

डेक हाती आला की आधी तो वजनकाट्यावर ठेवा. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. रूढ मापाची ७८ कार्डं ३५० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ३५० ग्रॅम वजनाच्या) कागदावर असतील तर वजन २२९ ग्रॅमच्या आसपास भरतं आणि ३०० जीएसएमवर १९७ च्या आसपास. लेपामुळे काही ग्रॅम इकडे तिकडे होतात. वर सांगितलेल्या लहान मापात ३०० जीएसएमचा कागद असता तरी १४५ ग्रॅम झाले असते, आणि २५० चा असेल तर १२० च. मग पट्टी लावून थप्पीची उंची मोजा. कार्ड ०.३ मिमी जाडीचं असेल तर ७८ कार्डांची थप्पी सव्वातेवीस-साडेतेवीस मिमी होते. ती वीसच्या खाली गेली तर कागद पातळ आहे आणि शफल करताना, म्हणजे पिसताना, कार्डं लवकरच मऊ पडणार. एक कार्ड प्रखर दिव्यासमोर धरूनही पाहा. चांगल्या पत्त्याच्या कागदात दोन थरांमध्ये गडद गोंदाचा थर असतो, त्यामुळे पलीकडचं चित्र दिसत नाही. साध्या आर्ट कार्डवर छापलेल्या कार्डातून त्याची छाया जाणवते.

खरा निकाल लागतो तो छपाईत. नकली डेक बहुधा मूळ फाइलवरून छापलेला नसतो. छापणाऱ्याने एक खरा डेक विकत घेऊन त्याची कार्डं स्कॅन केलेली असतात, आणि छापलेल्या चित्राचा स्कॅन पुन्हा छापला की खुणा राहतातच. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, छपाईवाले वापरतात तेच. कार्डावरच्या काळ्या अक्षरांवर ते टेका. मूळ डेकमध्ये शीर्षक बहुतेक वेळा फक्त काळ्या शाईत छापलेलं असतं. अक्षराची कड सलग दिसते आणि आत ठिपके नसतात. नकली कार्डावर तेच अक्षर निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांचं बनलेलं दिसतं, कडेला रंगाची झालर असते आणि लहान अक्षरांची पोटं भरून गेलेली असतात. स्कॅनरला अक्षर आणि चित्र यांतला फरक कळत नाही, तो सगळ्याचंच चित्र करतो, त्यातून हे घडतं.

आता भिंग आकाशासारख्या सपाट रंगावर न्या. मूळ छपाईत ठिपक्यांची एकच जाळी असते, लहान लहान फुलांसारखी. नकलीत जुनी जाळी आणि नवी जाळी एकमेकींवर बसतात आणि त्यातून लाटांसारखे पट्टे उमटतात. छपाईवाले याला मॉयरे म्हणतात. तो लपवायला स्कॅन पुसट केला जातो, मग चित्र मेण चोळल्यासारखं गुळगुळीत होतं आणि शाईच्या बारीक रेघा तुटतात. ते भरून काढायला रंग भडक केले जातात. त्यामुळे नकली डेकमध्ये सावल्यांचे भाग काळे ठिक्कर आणि चेहरे नारिंगी दिसतात. भिंगाशिवाय हाच भडकपणा एखाद्याला ‘रंग किती छान उठले आहेत’ असा वाटू शकतो.

इथे एक अपवाद ध्यानात ठेवायला हवा. जुन्या डेकची अधिकृत प्रतिकृती मुळात जुन्या कार्डांच्या स्कॅनवरूनच छापतात, त्यामुळे तिच्यात शीर्षकाच्या अक्षरांत ठिपके असणं हा दोष नाही. अशा वेळी खोक्याच्या मागची किंवा पुस्तिकेतली बारीक छपाई तपासा: प्रकाशकाचं नाव, स्वामित्वहक्काची ओळ, छपाईचं ठिकाण, आयएसबीएन. हा मजकूर प्रतिकृतीतही नव्याने जुळवलेला असतो आणि स्वच्छ छापलेला असतो. नकलीत तो एकतर नसतोच, किंवा चित्रासकट स्कॅन झाल्याने वाचता येत नाही.

रायडर-वेट-स्मिथ या टॅरोच्या सर्वांत प्रसिद्ध डेकबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. हा डेक लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने १९०९ च्या डिसेंबरात काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. स्मिथ १९५१ साली वारल्या. मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क टिकतो अशा देशांतही त्या चित्रांचा हक्क २०२१ संपताना सुटला. त्यामुळे कोणीही नव्या छापाच्या प्रती काढून स्वतःच्या नावाने विकल्या तर ती फसवणूक नाही. फसवणूक होते ती दुसऱ्या प्रकाशकाचं नाव, खोका आणि नव्याने केलेलं रंगकाम उचलून ‘मूळ’ म्हणून विकण्यात. कायदेशीर असो वा नसो, छपाई वाईट असेल तर हा डेक निकामी होतो, कारण यातला अर्थ बारक्या तपशिलांत भरलेला आहे.

तो तपासायला तीन-चार कार्डं पुरेशी आहेत. मॅजिशियनच्या कमरेला पट्टा नाही, स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप आहे. वाईट छापात तो नुसता पट्टा दिसतो. हाय प्रीस्टेसच्या मांडीवरच्या गुंडाळीवर अक्षरं आहेत आणि मागच्या दोन खांबांवर बी आणि जे. सेव्हन ऑफ कप्समध्ये प्रत्येक पेल्यात वेगळी गोष्ट आहे, त्यांतला साप, किल्ला आणि दागिने वेगवेगळे ओळखू यायला हवेत. टू ऑफ पेंटॅकल्समध्ये मागे उसळत्या समुद्रावर दोन जहाजं आहेत. त्यानंतर खालचा कोपरा बघा. स्मिथ यांची नागमोडी सही बहुतेक कार्डांवर खालच्या कोपऱ्यात असते. नकली छापात चित्र चौकटीत बसवताना कडा कापतात, तिथे सही अर्धी तुटते किंवा नाहीशीच होते. स्वतंत्र चित्रकारांच्या डेकमध्ये तर सही मुद्दाम पुसलेली आढळते. त्या जागेवर पोत बदललेला दिसला की समजावं.

पुढे कापणी. कार्डांच्या मागच्या बाजू वर करून सगळा डेक टेबलावर पसरवा. मागच्या नक्षीची चौकट एका बाजूला दोन मिमी आणि दुसऱ्या बाजूला चार मिमी असेल, तर कार्ड उलटं आहे की सुलटं ते पाठीवरूनच कळतं. उलट्या आलेल्या कार्डाचा वेगळा अर्थ लावणाऱ्याच्या दृष्टीने हा डेक तिथेच संपला. वेगवेगळ्या तावांतला शाईचा फरकही असाच घातक असतो: वीस-पंचवीस कार्डांची पाठ किंचित जांभळी आणि बाकीची निळी असेल, तर काढायच्या आधीच कार्ड कोणत्या गटातलं हे समजतं. कोपऱ्यांवरून बोट फिरवा. बोथट साच्याने कापलेल्या कोपऱ्याला कागदाचे तंतू सुटलेले असतात आणि दोन-चार वेळा शफल केलं की शाईचे टवके उडतात. सोनेरी कड बोटाला लागत असेल, किंवा कार्डं एकमेकांना चिकटून बसली असतील आणि सुटी करताना कडेचा रंग निघत असेल, तर मुलामा नीट बसलेला नाही.

कार्ड वाकणं हा मात्र एकट्याने पुरावा ठरत नाही. हवेतली आर्द्रता बदलली की चांगला कागदही थोडा कमानदार होतो आणि दाबून ठेवला की पूर्ववत होतो. नकलीत बऱ्याचदा एकाच बाजूला लेप असतो. उघडी बाजू ओलावा शोषते, लेपाची बाजू शोषत नाही, म्हणून कार्ड कायमचं वळतं.

मोजणी करताना नुसतं ७८ भरले म्हणून समाधान मानू नका. मेजर अर्काना, म्हणजे मून, डेथ अशा नावांची मुख्य कार्डं, २२ वेगळी काढा, मग वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स या चार गटांची प्रत्येकी १४ क्रमाने लावा. एक कार्ड दोनदा आणि एक गायब असेल तरी बेरीज बरोबरच येते. स्ट्रेंग्थवर ८ आणि जस्टिसवर ११ असेल, किंवा नेमकं उलट असेल, तर ती चूक नव्हे. रायडर-वेट-स्मिथमध्ये पहिला क्रम आहे आणि मार्सेय या जुन्या फ्रेंच परंपरेत दुसरा. मार्सेय डेकवर चार हा आकडा चार उभ्या दांड्यांनी लिहिलेला असतो, तोही बरोबरच.

अलीकडे चोरीपेक्षा वेगळी फसवणूक वाढली आहे: संगणकाने क्षणात तयार केलेली चित्रं ‘हाताने रंगवलेला डेक’ म्हणून विकायची. जाहिरातीत मून, स्टार, लव्हर्स, डेथ एवढीच कार्डं दाखवतात, कारण ती देखणी करणं सोपं असतं. तुम्ही सिक्स, सेव्हन, एट आणि नाइन मागा. एट ऑफ स्वोर्ड्समध्ये आठ तलवारी हव्यात, त्या मोजा, अनेकदा सात किंवा दहा निघतात. मूठ आणि तलवारीची पकड बघा, पात्याचा शेवट कुठे होतो ते बघा. एकाच डेकमध्ये रेघेची जाडी, प्रकाशाची दिशा आणि चौकटीचा पोत कार्डागणिक बदलतो का, हेही पाहा. खऱ्या चित्रकाराकडे पेन्सिलीची कच्ची रेखाटनं, टाकून दिलेले आराखडे, अर्धवट रंगवलेली कार्डं असतात आणि तो ती आनंदाने दाखवतो. ७८ कार्डांचं काम किती मोठं असतं ते समजून घ्यायचं तर लेडी फ्रीडा हॅरिस यांचं उदाहरण आहे. थोथ या प्रसिद्ध टॅरो डेकची चित्रं त्यांनी १९३८ ते १९४३ या काळात रंगवली आणि त्यांतल्या काही कार्डांच्या एकाहून अधिक आवृत्त्या केल्या. ज्या दुकानात दर पंधरवड्याला नवा ‘हाताने रंगवलेला’ डेक येतो, तिथे हात कोणाचा हे विचारायलाच हवं.

फसवणूक झालीच तर पार्सल उघडतानाचं सलग चित्रण फार कामी येतं: पत्त्याचं लेबल, सील, खोका आणि कार्डं एकाच चित्रणात. तक्रारीत ‘दर्जा आवडला नाही’ असं लिहू नका, ते आवडीनिवडीत ढकललं जातं. ‘वस्तू बनावट आहे’ असं लिहा, आणि सोबत पट्टीवर ठेवलेलं कार्ड, काट्यावरचं वजन, भिंगातून मोबाइलने टिपलेलं अक्षर आणि प्रकाशकाच्या पानावरचं माप जोडा. विक्रेता लगेच संदेश पाठवून थोडे पैसे परत देऊ करतो आणि त्या बदल्यात तक्रार मागे घ्यायला सांगतो. ते मान्य करू नका. बंद केलेली तक्रार बऱ्याच ठिकाणी पुन्हा उघडता येत नाही, आणि परताव्याची मुदत संपेपर्यंत गोड बोलत राहणं हा त्यांच्या पद्धतीचाच भाग आहे. बोलणं त्या संकेतस्थळाच्या संदेशपेटीतच ठेवा, बाहेरच्या चॅटवर जाऊ नका.

पैसे परत मिळाले तरी जाहिरात तशीच राहते. ती काढून टाकण्याची मागणी सहसा हक्कदारालाच करता येते, ग्राहकाला नाही. म्हणून जाहिरातीचा दुवा, विक्रेत्याचं दुकान आणि तुमचे सगळे फोटो डेकच्या चित्रकाराला किंवा प्रकाशकाला पाठवा. बहुतेक स्वतंत्र चित्रकार आपल्या पानावर अधिकृत विक्रेत्यांची यादी ठेवतात, पुढची खरेदी तिथूनच करा. आणि तो नकली डेक सरावासाठी ठेवायचा असेल तर खोक्यावर ठळक शाईने ‘नक्कल’ असं लिहून ठेवा, म्हणजे उद्या तो दुसऱ्या हाती गेला तरी मूळ म्हणून विकला जाणार नाही.