फोटोवर मजकूर की फोटोखाली?

चतुर्थीच्या नेवऱ्यांची (गोव्याकडच्या करंज्यांची) जाहिरात करताना भाव नि 'फोंड्यात घरपोच' हे फोटोवरच लिहावं की खाली? जाहिरातीच्या फोटोत २० टक्क्यांहून जास्त जागा मजकुराने व्यापू नये, ही फेसबुकची मर्यादा २०२० मध्ये उठली, त्यामुळे अडवणूक नाही. फोटोवरचं अक्षर स्क्रोल करतानाही दिसतं. कुणी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवला तरी भाव सोबतच जातो, आणि घरगुती धंद्याला हा फायदा फार मोठा. पण मोबाइलवर बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. भाव बदलला की चित्र नव्याने करा. खालचा मजकूर दुरुस्त करणं सोपं, अंध ग्राहकाचा स्क्रीन रीडरही तो वाचून दाखवतो. मात्र लांबला की 'आणखी पाहा'मागे लपतो. मी फोटोवर पदार्थ आणि भाव एवढंच, ठळक लिहीन. पत्ता, ऑर्डरची मुदत खाली. नेवरीची मुरड मात्र अक्षरांनी झाकू नका, गिऱ्हाईक तीच बघतं.